चाळीसाला एक

या खोऱ्यात डोळ्यावर विश्वास ठेवू नये.
घरांची रांग डोंगरावरून घसरत आलेली;
खिडक्या तेवढ्या सरळ,
बाकी कुंपणं, टपालपेटी, चर्चचं फाटक,
संध्याकाळी पबमधून निघालेली माणसं,
सगळं एका अंगाला कललेलं.
म्हणून मी आधी पाणसळ ठेवतो,
मग बोलतो.

मेनिर प्रॉसर बाई म्हणाल्या,
गॅरेजमध्ये पाणी येतं. अकरा वर्षं येतंय.
शिवणयंत्र विटांवर चढवून ठेवलंय.
नवऱ्याची हत्यारं गंजली, त्याचं काही नाही,
तोही शेवटी गंजूनच गेला.
आणि वरच्या पार्फिटच्या घराकडे हनुवटी उडवून:
"ते पाणी त्याचं आहे."

पाण्यावर कुणाचं नाव नसतं,
पण कामावर आलेल्या माणसानं
हे पहिल्या दिवशी बोलू नये.

मी आणि भाचा हेव्हिन.
काँक्रीट फोडलं, त्याखाली आणखी जुनं काँक्रीट,
त्याखाली खाणीच्या काळातली राख, काळी, ओलसर,
आणि राखेत एक चमचा.
बाईंनी तो धुतला
आणि काही न बोलता खणात इतर चमच्यांबरोबर टाकला.

हिरवळीच्या कोपऱ्यात खड्डा खणून बादली ओतली,
घड्याळ लावलं.
माती पाणी प्यायली, सावकाश,
दुखऱ्या घशाच्या माणसासारखी.
चालेल, म्हटलं. इथेच शोषखड्डा.

खडी अंथरली, दात वाजेपर्यंत धुमसली.
वर वाळू, फळीनं ओढून सारखी केलेली.
तिच्यावर कुणी पाय ठेवायचा नाही.
मांजरानं ठेवला.

उतारावर ठोकळे सरळ ओळीत घालू नयेत,
चाकं त्यांना एकेक करून खाली ढकलतात.
वेणीसारखे घालावेत,
म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याच्या खांद्याला धरून राहतो.
आणि सगळा भार खालच्या कडेवर.
कडा सुटली की अंगण चालू लागतं.
हे हेव्हिनला तीनदा सांगितलं, तो फोन बघत होता.
चौथ्यांदा फावडं दिलं.

गॅरेजच्या दाराशी आडवी पन्हळ, लोखंडी जाळीची.
बाकी अंगणाला हिरवळीकडे कल:
चाळीसाला एक.
चाळीस बोटं पुढे, एक बोट खाली.
पाण्याला पुरतं, माणसाला कळत नाही.

पाचव्या दिवशी बाई चहा घेऊन आल्या,
स्वतःचा अर्धा प्यायल्या
आणि उरलेला नव्या ठोकळ्यांवर ओतला.
आम्ही तिघं बघत राहिलो.
चहा थांबला, विचार केला,
आणि हिरवळीकडे पाठ फिरवून
खालच्या घराच्या भिंतीकडे निघाला.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही,
शेजाऱ्याकडे मात्र न बोलावता जातं.

चूक माझी.
दोरी बांधली होती पार्फिटच्या भिंतीच्या रेघेवरून,
आणि भिंत कललेली.
तीस वर्षं लोकांना सांगत आलो, डोळ्यावर जाऊ नका;
त्या सकाळी पाणसळ गाडीत होती
आणि गुडघे दुखत होते.

"राहू दे की," हेव्हिन म्हणाला, "खाली तर जातंय."
बाई खाली बघत होत्या.
तिथं नवीन जोडपं आलंय, दोरीवर बाळाचे मोजे,
गॅरेजचं दार उघडं.
मग त्यांनी वर पार्फिटकडे पाहिलं. बराच वेळ.
"त्याचाही मिस्त्री असाच असेल," त्या म्हणाल्या.
"काढा."

नऊ ओळी काढल्या. वाळू पुन्हा ओढली.
त्या दोन दिवसांचे पैसे मी लावले नाहीत,
त्यांनीही विचारले नाहीत.
सांध्यांत कोरडी वाळू झाडताना
पार्फिट सपाता घालून कुंपणाशी आला,
विचारू लागला, माझ्याकडे किती खर्च येईल?
बाई खिडकीतून: "त्याला सांगा, पाणसळ गाडीतून आणायला."

आठवड्यानं शिडी विसरली म्हणून गेलो.
रात्रभर कोसळून गेला होता,
पन्हळ जाळीखाली गुरगुरत होती,
गॅरेज कोरडं ठणठणीत.

शिवणयंत्र अजून उंचावरच.
फक्त जुन्या विटा काढून
खाली उरलेले चार ठोकळे ठेवलेले.